दुसऱ्याने बोललेला नवस

११ फेब्रुवारी

ताई, नमस्कार.

फोनवर मोकळं बोलता येत नाही म्हणून लिहिते आहे. दोन खोल्यांचं घर, मधली भिंत पातळ, आणि अप्पांचे कान अजून अगदी शाबूत.

हो, तुमचे अप्पा इथे आहेत. तुम्हाला तुमच्या भावाने कळवलं की नाही माहीत नाही, मलाही त्याने टॅक्सी दारात आल्यावरच कळवलं. मी ऑपरेशनच्या टाक्यांवर हात धरून सोफ्यावर बसले होते. आधी एक कॉट आत आली, मग कमोडची खुर्ची, मग अप्पा. माझ्याकडे न बघता खिडकीजवळची जागा पसंत केली आणि म्हणाले, "ऊन येतं का इथे?" येतं म्हटलं. तिथे माझं शिलाई मशीन होतं. ते आता स्वयंपाकघरात आहे.

संध्याकाळी याला विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. माझं ऑपरेशन चाललं होतं तेव्हा हा बाहेर बाकावर बसून देवाला बोलला म्हणे. ही वाचू दे, मी अप्पांना घरी आणीन, शेवटपर्यंत त्यांचं सगळं करीन. मी औषधाच्या गोळ्या मोजत राहिले तर म्हणतो, "तू वाचलीस ना? मग?" वाचले आहे, हे तर खरंच.

सोमवारी पहाटे हा कामावर गेला. कुठल्या तरी गावात नव्या इमारतीला लिफ्ट बसवायची आहे. आता शुक्रवारी येईल. तोवर अप्पा आणि मी.

आमच्या लग्नातलं तुम्हाला आठवत असेल. "एकदा संसार मोडून आलेली बाई. हिच्या हातचं मी पाणीसुद्धा पिणार नाही," असं हेच सासरे चारचौघांत म्हणाले होते. त्यानंतर इतक्या वर्षांत आमच्या उंबऱ्यावर पाय नाही ठेवला. परवा दुपारी मी ग्लास पुढे केला. घेतला. प्यायले. म्हणाले, "कोमट आहे."

तुमची तब्येत सांभाळा.

— तुमची भावजय

२० फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वाचलं आणि बराच वेळ खुर्चीवरून उठवेना. आपल्या बारक्यात हे असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. लहानपणी पेन्सिलसुद्धा उसनी घेतली तर परत करायचा नाही, आणि आता दिलेला शब्द असा पाळतोय!

योगायोग बघ. मी सध्या बाहेरून परीक्षा देणाऱ्या मुलांसाठी एक प्रकरण लिहिते आहे. जुन्या अभिजात साहित्यात नीतीची आणि धर्माची तीच ती सूत्रं पुन्हा पुन्हा कशी येतात, हा विषय. दिलेला शब्द, त्याग, पाप आणि प्रायश्चित्त, आणि सगळ्यांच्या शेवटी क्षमा. कुठल्याही काळातलं, कुठल्याही भाषेतलं मोठं पुस्तक उघड. ज्याच्यावर अन्याय झाला तोच शेवटी उंच होतो, आणि ज्याने केला तो त्याच्यापुढे मान खाली घालतो. माणसं बदलली, राज्यं बुडाली, पण हे काही बदललं नाही.

आणि तू त्यांना पाणी दिलंस! ज्यांनी ते नाकारलं होतं त्यांनाच. याहून मोठा प्रसंग कुणी लिहावा? तुझी हरकत नसेल तर नाव न घालता मी तो उदाहरण म्हणून वापरीन.

तू जपून राहा. वजन उचलू नकोस. बारक्याला म्हणावं, ताईला अभिमान वाटला.

— ताई

१४ मार्च

ताई, नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. प्रसंग खुशाल लिहा. फक्त ते "कोमट आहे" तेवढं गाळू नका.

मी अर्धा दिवस कामावर जायला लागले. लॅबमध्ये कवळ्यांचा ढीग पडला होता. डॉक्टर लोक माणसांच्या तोंडाची मापं पाठवतात, आम्ही मेणात दात लावून बघतो, मग पक्की कवळी करतो. तिथे बसून करायचं काम आहे, त्यामुळे तिथेच जरा आराम होतो. घरी आल्यावर खरी ड्यूटी. अप्पांचं अंग पुसणं, चादर बदलणं, पेज, औषधं, पेपर वाचून दाखवणं. पेपर वाचताना मी एखादी बातमी गाळली तर त्यांना बरोबर कळतं. कसं कळतं देव जाणे.

त्यांची जुनी कवळी सैल झाली होती. घास चावता येईना, म्हणून धड जेवेनात, आणि त्याचा राग माझ्यावर. शेवटी आमच्या डॉक्टरांना विचारून मीच नवी करायला घेतली. माप घेताना तोंडात तो लगदा भरून थोडा वेळ तसंच बसावं लागतं. आयुष्यात पहिल्यांदा मी बोलत होते आणि ते ऐकत होते. मी बोलून बोलून काय बोलले? "हलू नका, नाकाने श्वास घ्या." इतकी चांगली संधी वाया घालवली. कवळी छान बसली. चार घास नीट चावून खाल्ले आणि म्हणाले, "डावीकडे टोचतंय."

तुमच्या प्रकरणाबद्दल एक विचारायचं होतं. तुमच्या त्या जुन्या गोष्टींत राजा देवाला शब्द देतो, ठीक आहे. पण मग तो शिकारीला किंवा लढाईला गेला की मागे चादरी कोण बदलतं? त्याबद्दल कुणी काही लिहिलं आहे का? मला खरंच माहीत नाही, म्हणून विचारते.

तुमच्या कॉलेजला एप्रिलअखेर सुट्टी लागते ना? सहज विचारलं.

— तुमची भावजय

२५ मार्च

प्रिय वहिनी,

तुझ्या पत्राने खूप हसवलं. तुझी ही विनोदबुद्धी आहे ना, तीच तुला तारून नेते आहे. जुन्या साहित्यात चादरींचा उल्लेख मला तरी आढळला नाही!

सुट्टी म्हणशील तर नावालाच. पेपर तपासणीचे गठ्ठे या वेळी माझ्याच गळ्यात पडलेत, आणि प्रकरण मे महिन्यात छापायला द्यायचं आहे. नाहीतर दोन दिवस येऊन गेले असते. अप्पांना इथे आणावं असंही मनात येऊन गेलं, पण मी दुसऱ्या मजल्यावर, आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. भाऊ सगळ्या जगाला लिफ्टा बसवतो आणि बहीण जिने चढते. शिवाय अप्पांचं आणि माझं दोन दिवसांच्या वर जमत नाही हे तुला ठाऊक आहे. तिसऱ्या दिवशी ते माझ्या लग्नावर येतात, म्हणजे न झालेल्या.

एक सांगू? तू धीर सोडू नकोस. म्हाताऱ्या माणसाचा ताठा हळूहळूच उतरतो. एक दिवस ते स्वतःहून म्हणतील, माझं चुकलं. त्या एका क्षणासाठी ही सगळी वाट चालायची असते.

कॉटवर पाठीला लावायला एक मऊ उशी कुरिअरने पाठवली आहे.

— ताई

६ मे

प्रिय वहिनी,

एवढे दिवस झाले, तुझं पत्र नाही. बारक्याला दोनदा फोन केला. पहिल्यांदा म्हणाला, "सगळं ठीक." दुसऱ्यांदा म्हणाला, "सगळं ठीक आहे म्हटलं ना." दुसरं "ठीक" मला ठीक वाटलं नाही.

उशी मिळाली का? अप्पांचं काही कमी-जास्त आहे का? तुझी तपासणी कधी आहे? दोन ओळी टाक. रागावली असशील तर तसं लिही, पण लिही.

प्रकरण पुरं झालं. क्षमेवरचा भाग चांगला उतरलाय असं आमचे विभागप्रमुख म्हणाले. मला मात्र ते वाचून कसला आनंद झाला नाही. उन्हाने असेल.

— ताई

१५ मे

ताई,

उशी मिळाली. अप्पा ती पायाखाली घेतात.

रागावले नव्हते. हातात पेन धरायचं त्राण नव्हतं. आज लिहिते ते सगळं लिहिते, तुम्ही त्यातलं काय ठेवायचं ते ठेवा.

गेल्या महिन्यात एका दुपारी अप्पा बाथरूममध्ये घसरले. मी नुकतीच लॅबमधून आले होते. हाक ऐकून धावले. ते भिंतीला टेकून जमिनीवर बसलेले, नळ चालूच. मला वजन उचलायला बंदी आहे हे मला माहीत होतं. पण तेव्हा कोण विचार करतं! काखेत हात घालून ओढलं आणि पोटात अशी कळ आली की मीही त्यांच्या शेजारी त्या ओल्या फरशीवर बसले. तर हे म्हणतात, "नीट धरतासुद्धा येत नाही?"

ताई, माझा बांध फुटला. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. लग्नातलं बोलले, पाण्याचं बोलले. आणि म्हटलं, "तुम्ही इथे कुणाला हवे होतात म्हणून आला नाहीत. तुमच्या मुलाने माझ्या जिवासाठी देवाशी सौदा केला. मी वाचले म्हणून तुम्ही इथे. आणि तो सौदा मी फेडते आहे, रोज, सकाळ-संध्याकाळ."

नळ वाहत होता, तो हात लांब करून त्यांनीच बंद केला. मग विचारलं, "नवस बोलला होता?"

म्हटलं, "हो."

"मला तर वेगळंच म्हणाला. म्हणाला, ती आजारी आहे, मी बाहेरगावी असतो, घराकडे बघायला कुणी नाही. मी म्हटलं, अरे, मी आता काय कामाचा? तर म्हणाला, नुसते घरात असलात तरी तिला आधार." मग म्हणाले, "मी तुला सोबत करायला आलो होतो."

त्यांनी तिकडची स्वतःची भाड्याची खोली सोडली. रोज सकाळी बुद्धिबळ खेळायला येणारे ते घड्याळ दुरुस्तीवाले मित्र सोडले. का, तर सून आजारी आहे आणि आपली मदत होईल म्हणून. आल्या दिवसापासून ते वाट बघत होते की आपल्याला कोणी काहीतरी काम सांगेल. आणि मी त्यांना पेज भरवत होते. पेपरमधली गाळलेली बातमी ते का पकडायचे, ते मला तेव्हा कळलं. तेवढंच एक काम त्यांना जमत होतं.

"मला कुणी विचारलं नाही," असं ते म्हणाले.

"मलाही नाही," मी म्हटलं.

मग आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो. उठताच येत नव्हतं, ना त्यांना, ना मला. शेवटी त्यांनीच भिंतीवर कवळीचा डबा आपटून आपटून शेजारच्या बाईंना बोलावलं.

शुक्रवारी हा आला तेव्हा आम्ही दोघांनी मिळून सांगितलं की हे आता असं चालणार नाही. अप्पा म्हणाले, "मला परत नेऊन सोड." हा अडून बसला. म्हणाला, "मी शब्द दिलाय. तुम्ही गेलात आणि हिला काही झालं तर?"

अप्पा म्हणाले, "म्हणजे हिला जिवंत ठेवायला मी जन्मभर या कमोडवर बसायचं?"

मला हसू आलं. हा मात्र स्वयंपाकघरात जाऊन मशीनवर डोकं टेकून रडला. त्याला माझी पुढची तपासणी दिसते. त्याला वाटतं, देव हिशेबाला बसलाय, आणि आपण एक पाऊल मागे घेतलं की तो मला घेऊन जाणार. तो लबाड नाही हो. तो घाबरलेला आहे. बाहेरगावच्या कामावरून दिवसातून चारदा फोन करतो, मी उचलला की काही न बोलता ठेवतो. एवढ्या घाबरलेल्या माणसावर रागावता येत नाही, आणि त्याच्या भीतीखाली रोज उभंही राहता येत नाही.

मी थकले आहे. हे इतकं सरळ मी कुणालाच म्हटलं नव्हतं. तुमच्या सुट्टीचं विचारलं तेव्हा "सहज" लिहिलं होतं. सहज नव्हतं ते.

— तुमची भावजय

२० मे

वहिनी,

रविवारी दुपारच्या गाडीने येते आहे. अप्पांना माझ्याकडे नेते. त्यांची खोली आता दुसऱ्या कुणाला दिली गेली, मी चौकशी केली, तिकडे जाणं शक्य नाही. जिन्यासाठी दोन हमाल ठरवले आहेत, खुर्चीतून उचलून नेतील. अप्पा ओरडतील, ओरडू देत.

बारक्याशी मी बोलते. तू बोलू नकोस, पडून राहा.

प्रकरणाचं काय झालं असं विचारशील तर, छापायला गेलं. क्षमेचा भाग मागे घ्यावा असं मनात आलं होतं, पण छापखान्यात पानं लागून गेली होती. पाण्याचा प्रसंग मात्र मी त्यात घातला नव्हता. का घातला नाही ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

— ताई

२८ जून

प्रिय वहिनी,

तुला सविस्तर लिहायचं रोज ठरवते आणि रोज बसल्या बसल्या डोळा लागतो. अप्पा बरे आहेत. इस्त्रीवाल्याला त्यांनी बुद्धिबळ शिकवलं आहे. तो कपडे द्यायला येतो आणि तासभर बसतो, आणि खालची सगळी बिऱ्हाडं कपड्यांची वाट बघत बसतात. माझ्या लग्नाचा विषय तिसऱ्या दिवशी निघेल असं वाटलं होतं, तो पहिल्याच दिवशी निघाला. म्हटलं, चला, लवकर उरकलं.

बारक्या दर शुक्रवारी इथे येतो, शनिवारी त्यांना आंघोळ घालतो, नखं काढतो, बूट पुसून ठेवतो, आणि मग तुझ्याकडे येतो. पहिल्या खेपेला चादर बदलताना त्याला उलटी झाली. दुसऱ्या खेपेला झाली नाही. त्याला म्हटलं, नवस तू बोललास ना, मग हा बघ, फिटतोय. पण त्याचं मन काही ठिकाणावर नाही. तुझ्या तपासणीची तारीख त्याने माझ्या कॅलेंडरवरसुद्धा लिहून ठेवली आहे.

काल माझंच प्रकरण छापून आलं. क्षमेवरची पानं उघडली आणि वाचता वाचता डुलकी लागली. जागी झाले तेव्हा अप्पा कमोडवरून हाका मारत होते.

एक विचारू का? निघताना ते तुला काही म्हणाले का? मी खाली टॅक्सीत होते, मला दिसलं नाही. आणि तू? तू त्यांना क्षमा केलीस का? शिकवायला म्हणून विचारत नाही. मला स्वतःला कळत नाही म्हणून विचारते.

— ताई

९ जुलै

ताई, नमस्कार.

निघताना काय झालं ते सांगते. हा पिशव्या घेऊन जिन्यात गेला होता. अप्पा काठी टेकत दारापर्यंत आले आणि वळले. मला वाटलं, आता म्हणतात. तुम्ही लिहिलं होतं ना, एक दिवस म्हणतील. मी हातातला पंचा खाली ठेवला, उगाच पदर नीट केला. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "गॅस बंद केलास का? वास येतोय."

वास नव्हता. तरी मी आत जाऊन बघून आले. तोवर ते दोन पायऱ्या उतरले होते.

आणि क्षमेचं विचाराल तर खरं सांगू? वेळच झाला नाही. लग्नातलं ते वाक्य मला अजून आठवतं, आणि आठवलं की अजून लागतं. ते पुसलं गेलंय असं मी लिहिलं तर खोटं होईल. पण त्यांची पाठ चोळताना ते आठवायला सवड नसायची. कानामागे साबण पोचतोय ना, पाणी फार गरम नाही ना, एवढंच डोक्यात. त्या ओल्या फरशीवर बसल्यानंतर तर मला ते माझ्यासारखेच वाटायला लागले. कुणीतरी न विचारता आणून ठेवलेले. तुमच्या पुस्तकांत याला काही नाव असेल तर द्या. नसलं तरी माझं काही अडत नाही.

काल तपासणी झाली. हा आदल्या दिवसापासून जेवला नव्हता. दवाखान्यात तोच लांब बोळ, तीच भिंतीला लावलेली बाकं. रिपोर्ट घेऊन डॉक्टर आत बसले होते आणि आमच्या पुढे दोघं-तिघं होते. हा माझ्या शेजारी बसला होता. थोड्या वेळाने बघते तर डोळे मिटलेले, हात जोडलेले, आणि ओठ हलायला लागले.

मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. चांगला घट्ट. समोरची बाई बघायला लागली, बघू दे म्हटलं.

"काही बोलायचं नाही," मी म्हणाले. "काही कबूल करायचं नाही. माझ्यासाठी नाही, कुणासाठी नाही."

माझ्या बोटांमधून तो म्हणाला, "मग मी करू काय?"

मी म्हटलं, "माझी पिशवी धर."

त्याने धरली. तेवढ्यात माझं नाव पुकारलं. मी एकटीच आत गेले. डॉक्टरांनी कागद दोनदा वरखाली केले आणि म्हणाले, रिपोर्ट एकदम क्लिअर आहे, आता सहा महिन्यांनी या. मी थँक्यू म्हणायचंही विसरले.

बाहेर आले तर हा बाकावरून उठून उभा होता. पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. मी सांगितलं. त्याने ऐकलं, मान हलवली. बसने घरी येताना मला खिडकीपाशी बसवलं. मी दोनदा म्हटलं, दे आता ती पिशवी इकडे. पण घर येईपर्यंत त्याने ती सोडली नाही.

— तुमची भावजय